कंसातले नाव

माणूस लिहायला लागला तेव्हापासून खोडायलाही लागला. पण खोडलेले जपून ठेवावे, हे शहाणपण त्याला उशिराच सुचले असावे. संगणकावर काम करणाऱ्या मंडळींनी या शहाणपणाचे शास्त्रच केले आहे, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळले.

पुण्यात नोकरी करणारा माझा चुलतभाऊ आणि त्याचा मित्र पोखर्णीला आले होते. नृसिंहाचे दर्शन झाले आणि ओसरीवर दोघांचा वाद रंगला : सबव्हर्जन चांगले की गिट? प्रोग्राममधला बदल कोणी, केव्हा, काय केला याची नोंद ठेवणाऱ्या या दोन पद्धती. मित्र सबव्हर्जनचा अभिमानी. ही पद्धत सन २००० मध्ये सुरू झाली. सारा इतिहास एका मध्यवर्ती ठिकाणी राहतो. शिकायला सोपी, आणि एकाने घेतलेल्या फाइलला कुलूपही लावता येते. दादा म्हणाला, ‘‘अन् ते मुख्य यंत्रच गाठता आलं नाही, तर नोंद करणार कशी?’’ लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी एप्रिल २००५ मध्ये गिट तयार केले. त्यात प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासाची प्रत असते. प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीची खूण गुंफलेली. जुने काही गुपचूप बदलले की पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. चोरी लपत नाही! मात्र गिटच्या आज्ञा किचकट, हे दादानेही मान्य केले.

मला वाटले, हे तर आपल्या तलाठ्याचे दप्तर! सातबारा ही जमिनीची आजची प्रत, तर फेरफार नोंदवही हा तिचा इतिहास. नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात, नोंद प्रमाणित होते, मगच नाव लागते. आणि कमी झालेले नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात.

आमच्या सातबाऱ्यावर माझ्या आत्याच्या नावाला असा कंस आहे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून तो कागद वाचायला माझ्याकडे आला. आत्या जवळ बसून म्हणाली, ‘‘माझं नाव हाय का गं त्याच्यात?’’ मी बोट ठेवून दाखवले. फेरफारात कारण होते : हक्कसोडपत्र. एवढेच! भावांशी वाकडे नको, माहेरची वाट बंद व्हायला नको म्हणून तिने अंगठा उठवला, हे त्यात कुठे आहे?

गिट जन्मले त्याच वर्षी, ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. कायद्याने हक्क दिला; तो सोडायला लावणारी रीत मात्र आमच्याकडे तशीच राहिली.

दादा सांगतो, चांगला प्रोग्रामर नोंदीसोबत बदलाचे खरे कारणही लिहितो. नुसते ‘दुरुस्ती केली’ लिहून भागत नाही. दोन्हींत श्रेष्ठ कोण, याचा निवाडा जाणकारांनी करावा. मला गिटचे एवढेच पटले की, इतिहासाची प्रत ज्याच्या-त्याच्या हाती असावी. त्यात मी आणखी एक जोडीन : ती त्याला वाचताही यावी. फेरफाराची एक नक्कल मी आत्याला काढून दिली आहे. उद्या असा कागद माझ्यापुढे आला, तर कारणाचा रकाना वाचल्याशिवाय मी सही करणार नाही.