निळ्या पिंपाचा भाव

जुनं पिंप विकत घ्यायचं तर आधी बूच काढून आत नाक घालावं लागतं. जाडी, बूड, झाकणाची पट्टी हे सगळं मागाहून. डोळ्याला झोंबणारा वास आला तर विकणारा म्हणतो, "दोन दिस उन्हात ठेवा सर, जातंय बघा." अजिबात वास आला नाही तर तोच माणूस मान ताठ करून शंभर-दीडशे वाढवून सांगतो. आणि आत काय होतं असं विचारलं, तर कुरुंदवाडपासून इचलकरंजीपर्यंत उत्तर एकच: "काय न्हवतं ओ, पाणीच हुतं." दोनशे लिटरचं पिंप, कंपनीच्या शिक्क्यासकट, नुसतं पाणी भरून कोण कशाला पाठवेल, हे मात्र विचारायचं नसतं.

एके काळी दोनशे-अडीचशे रुपयांत घासाघीस करून मिळणारं हे निळं पिंप आता जरा बरं असेल तर हजाराच्या आसपास जातं. पैसे खिशात असूनही थांबावं लागतं. भंगारवाला फोन नंबर लिहून घेतो आणि "आलं की सांगतो" म्हणतो. भंगाराच्या दुकानात नंबर लावून बसायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आमच्या घरात पिंप आलं ते इंजिनाच्या मागोमाग. नदीकाठच्या मळीत आबांचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं, आणि त्याला लागणारं डिझेल लोखंडी पिंपातून यायचं. पिंप रिकामं झालं की पुन्हा भरून आणायचं. बुडाशी गळायला लागलं, की त्याची रानातली नोकरी संपायची आणि घरातली सुरू व्हायची. वरचं तोंड छिन्नीनं कापून, बुडाला सिमेंटचा गिलावा देऊन ते नहाणीत पाणी साठवायला बसायचं. तिथंही कुजलं की उभं चिरून, ठोकून सपाट करून त्याचा पत्रा गोठ्याच्या दाराला. त्या दाराला शेवटपर्यंत पावसात डिझेलचा वास यायचा, आणि म्हशींना त्याचं काही वाटायचं नाही.

गरिबाघरचं पिंप डांबराचं. रस्त्याचं काम झालं की कंत्राटदाराची माणसं रिकामी पिंपं कडेलाच टाकून जायची. पत्रा पातळ, फुकट, आणि आतून डांबर असल्यामुळं लवकर गंजत नसे. गावात कित्येक नहाण्यांच्या भिंती ह्याच पत्र्याच्या होत्या. एप्रिल-मेमध्ये ते डांबर पाघळायचं आणि अंघोळ करून बाहेर आलेल्या पोराची पाठ रॉकेलनं पुसावी लागायची.

ह्या लोखंडी पिंपामागं एक बाई आहे, हे मला फार उशिरा कळलं. नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार १८८९-९० साली बहात्तर दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून गाजली. पुढं नवऱ्याचा पत्र्याच्या भांड्यांचा कारखाना तिनं चालवायला घेतला. त्या कारखान्यातल्या हेन्री वेरहान नावाच्या माणसानं १९०५मध्ये पोलादी पिंपाची पेटंटं घेतली. आज जगभर फिरतं ते दोनशे लिटरचं पिंप त्याच वंशातलं. आपल्याकडं कोलकात्याची १८६७ सालची बामर लॉरी ही कंपनी असली पोलादी पिंपं बनवत आली आहे. आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचं मत एवढंच, की पिंपाच्या अंगावर दोन कडी असतात म्हणून ते एकट्या माणसाला लोळवत नेता येतं, आणि ज्यानं ती कडी काढली तो माणूस शहाणा.

नव्वदच्या दशकात इचलकरंजीहून निळी पिंपं यायला लागली. तिथं यंत्रमागावरचं कापड प्रोसेसमध्ये धुतात, ब्लीच करतात, रंगवतात. त्याला लागणारं हायड्रोजन पेरॉक्साईड, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, साबणासारखी काय काय रसायनं प्लॅस्टिकच्या पिंपांतून येतात. रिकामी पिंपं कारखान्याला अडचण. ती छोट्या टेम्पोत दोरीनं बांधून, हत्तीएवढा ढीग करून, आमच्याकडच्या आठवडी बाजारापर्यंत पोचायची. गंज नाही, गळती नाही, एका हातानं उचलता येतं. लोखंडी पिंप बघता बघता घरातून गेलं. नळाला पाणी येण्याचा नेम नाही, म्हणून दारोदारी एकेक निळं पिंप आणि त्यावर ऑइलपेंटनं घरमालकाचं आडनाव. लग्नातलं पाणी, गणपतीच्या महाप्रसादाचं ताक, सगळं त्यातच. आमच्या आईनं मात्र पहिलं पिंप राख, चिंच, सोडा असं सगळं लावून घासलं आणि तरीही प्यायचं पाणी त्यात कधी भरू दिलं नाही. "कापडाचं औषध हाय त्यात" एवढंच तिचं म्हणणं. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मुलाला तिच्यापुढं बोलायला काही नव्हतं.

पुरात पिंपाची खरी परीक्षा झाली. पलीकडं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पाऊस आणि धरणांचं पाणी दोन्ही एकदम जोरात आलं की आमचा गाव म्हणजे बेट. २००५, २०१९, २०२१, तिन्ही साली पाणी घरात आलं. चोहीकडं पाणी आणि प्यायला पाणी नाही, कारण नळयोजनाच बुडालेली. टँकर आला की पिंपांची रांग लागायची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आम्ही जमिनीचे कागद, मुलांची सर्टिफिकेटं, सौभाग्यवतीच्या दोन चांगल्या साड्या आणि थोडं धान्य झाकणाच्या पिंपात भरलं, वरची पट्टी आवळली आणि पिंप माडीवरच्या खांबाला बांधलं. परत आलो तेव्हा माडीवरही चिखल होता. पिंपातली ज्वारी कोरडी होती.

दोन बुचांची बंद पिंपं दुसऱ्या कामाला आली. चार पिंपं, वर बांबू, की झाला तराफा. आमच्याकडं पुरात गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून वैरण आणणारे लोक आहेत, त्यांच्यापुढं हा तराफा म्हणजे चैनच. न बांधलेली पिंपं मात्र आपल्या वाटेनं गेली. कृष्णेतून निघालेलं पिंप खिद्रापूर, राजापूरचा बंधारा असं करत कर्नाटकात जातं. आमचं एक असंच गेलं. त्या बदल्यात रानात वरच्या अंगाच्या कुठल्या तरी गावचं एक येऊन अडकलं होतं, त्यावर पिवळ्या रंगात एक आडनाव. पुढं बरेच दिवस ते आम्ही वापरलं. मालक आला असता तर दिलं असतं. आला नाही.

पण पिंपाचा भाव पुरानं वाढवला नाही. पूर काही वर्षांतून एकदा येतो. भाव वाढवला जीवामृतानं.

आमच्या शिरोळ तालुक्यात ऊस खूप, पाणी खूप, रासायनिक खतं त्याहून खूप, आणि त्यापायी क्षारपड झालेली जमीनही खूप. पायाखाली पांढरी पपडी यायला लागली की माणूस इतर मार्ग बघायला लागतो. विदर्भातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांची (२०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली) शिबिरं, कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरची शेती, शेजाऱ्याचं पाहून शेजारी, असं करत जीवामृत आमच्याकडं आलं. कृती सोपी. दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, वर पोतं टाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. दोन-तीन दिवसांत आंबतं, बुडबुडे येतात, आणि मग सात दिवसांच्या आत वापरून टाकायचं. हे एका एकराला. म्हणजे आता पिंप हे नुसतं भांडं उरलं नाही, ते माप झालं. "किती रान?" विचारलं तर माणसं सांगतात, "तीन पिंपं."

लोखंडी पिंप ह्या कामाला चालत नाही. आंबलेल्या पाण्यातलं आम्ल पत्रा खातं. सिमेंटची टाकी हलवता येत नाही. हवं ते प्लॅस्टिकचंच, आणि तेही उघड्या तोंडाचं, कारण काठी फिरली पाहिजे. इथंच अडतं. पातळ रसायनं बहुतेक बंद तोंडाच्या पिंपांतून येतात. उघड्या तोंडाची, झाकण-पट्टीची पिंपं मुळातच कमी. म्हणून त्यांचा भाव वरचा. बाकीचे लोक बंद पिंपाचं डोकं करवतीनं कापून घेतात आणि झाकणाऐवजी पोत्यावर भागवतात.

गूळ, पाणी आणि आंबवणं म्हटलं की आणखी एक गिऱ्हाईक आठवतं. पेपरात आठवड्याला एक तरी बातमी असते: हातभट्टीवर छापा, दोनशे लिटरची अमुक इतकी प्लॅस्टिक बॅरल आणि गूळमिश्रित कच्चं रसायन जागीच नष्ट. फोटोत आमचंच निळं पिंप, कुऱ्हाडीनं फोडलेलं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, आणि ती दारू माणसं मारते हेही खरं. फक्त फोटो बघताना माझं लक्ष आधी पिंपाच्या तोंडाकडं जातं. उघड्या तोंडाचं, चांगलं जाड. वाईट वाटतं.

हेच मी अमेरिकेतल्या भाच्याला हसत हसत सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, इकडं माझंही हेच रडगाणं आहे." तो घरी बिअर करतो. तिकडं ते कायदेशीर आहे; १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत मुभा मिळाली. त्याची बिअर एकोणीस लिटरच्या, स्टीलच्या, उभट पिंपात असते. ती पिंपं मुळात बिअरची नव्हेतच, ती शीतपेयांच्या पाकाची. पुढं शीतपेय कंपन्या तो पाक खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाठवायला लागल्या आणि लाखो स्टीलची पिंपं एकदम निकामी झाली. घरी बिअर करणाऱ्यांनी ती मातीमोलानं उचलली. कंपन्यांनी पुन्हा ती घेतलीच नाहीत, त्यामुळं होता तेवढा साठा सरत गेला, आणि आता जुन्या, चेपलेल्या पिंपालाही तो चांगला भाव मोजतो. वर रबरी वायसर बदलायचे ते वेगळंच.

त्याचं ऐकल्यावर मला आमच्या बाजाराचा हिशेब लागला. आपल्याला स्वस्त पिंप मिळत होतं ते कुणाला तरी ते नको होतं म्हणून. पिंपातून माल येणं कमी झालं की आपलं स्वस्तही संपलं. इचलकरंजीचा भंगारवाला हेच दुसऱ्या शब्दांत सांगतो: मोठ्या प्रोसेसवाल्यांकडं आता रसायन टँकरनं येतं, नाहीतर लोखंडी जाळीतल्या हजार लिटरच्या चौकोनी टाकीतून. पिंपं उरली छोट्यांकडं. शिवाय मोकळ्या पिंपाचं वजन आठ-दहा किलो भरतं, प्लॅस्टिकचे दाणे करणारा ते किलोवर उचलतो, आणि दाण्याचा दर वर गेला की पिंपाचाही जातो. गिऱ्हाइकं मात्र वाढतच चाललीत. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रानं नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २,४८१ कोटी मंजूर केले, एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत जायचं ठरवलं. त्यातल्या प्रत्येकाला एकेक पिंप लागलं तरी ती कुठून येणार?

हिमाचल प्रदेशनं २०१८च्या योजनेत निदान हे ओळखलं होतं. शेतकऱ्याला पिंपावर ७५ टक्के अनुदान, पिंपामागं साडेसातशे रुपयांपर्यंत, घराला तीन पिंपं. आमच्याकडं शिबिर मिळतं, घडीपत्रिका मिळते, चहा मिळतो. पिंप ज्याचं त्यानं बघायचं. ज्याला जमत नाही तो मिळेल ते घेतो, आणि मिळेल ते म्हणजे कशाचंही असू शकतं. सोयरीक जुळवताना घराणं विचारतात, तेवढी तरी चौकशी पिंपाची व्हायला हवी. कीटकनाशकांच्या १९७१च्या नियमांत रिकामी भांडी फोडून वस्तीपासून लांब पुरावीत, पुन्हा वापरात येऊ देऊ नयेत असं स्वच्छ लिहिलं आहे. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं हाच घातक कचरा धरला आहे. म्हणजे आठवडी बाजारात टेम्पोवर उभी असलेली काही पिंपं तिथं असायलाच नको होती. नियम योग्य आहेत. पण त्यांच्यामुळं निम्मा माल मुकाट्यानं येतो, आणि मुकाट्यानं आलेल्या मालाचं लेबल आधीच खरवडलेलं असतं. विषाचं पिंप आणि खाण्याच्या ग्लुकोजचं पिंप त्यामुळं शेजारी शेजारी, एकाच भावात उभी राहतात. ह्यात दोष गरिबाच्या घासाघिशीचा नाही. माहिती पुसून टाकणाऱ्याचा आहे.

तेव्हा मिठाईवाले, बेकरीवाले, सरबतवाले, खाद्यतेलवाले, ज्यांच्याकडं खाण्याच्या मालाची पिंपं रिकामी होतात, त्यांना एवढीच विनंती: दोन पैसे जास्त घ्या, आम्ही देऊ, पण पिंप विकताना वरचं लेबल फाडू नका. आणि ज्यांच्याकडं कीटकनाशकाचं किंवा जहाल रसायनाचं पिंप रिकामं होतं, त्यांनी ते आमच्यापर्यंत येऊच देऊ नये.