एकोणतीसचा पाढा

गोरक्षेपच्या लॉजमध्ये, समोर डाळभाताचं ताट निवत असताना, मी आमच्या गाईडला एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. चोक सोळोदरसे, पाचा पंचेचाळासे करत थेट दाहे दोनशे नव्वदपर्यंत, एकदाही न अडखळता. शेजारच्या टेबलावरचे ट्रेकर जेवायचे थांबले. डोकं ठिकाणावर असल्याचा याहून सज्जड पुरावा, साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईकडे दुसरा कोणता असणार?

गाईडने सगळा पाढा ऐकून घेतला. मग म्हणाला, "बहुत अच्छा, दिदी. सुबह निकलते टाइम मैंने तीन बातें बोली थीं. कोई एक बताइए."

एकही आठवेना. त्याने सकाळी काही सांगितलं होतं हेसुद्धा आठवेना. वर मी त्यालाच ठणकावलं, की तुम्ही काही बोललाच नव्हतात.

पाढ्यांची ही चाचणी माझी स्वतःची. निवृत्त झाल्यावर भाच्याने एव्हरेस्ट बेस कॅम्पचा विषय काढला आणि मी सहा महिने रोज पहाटे अजिंक्यतारा चढले. गुडघ्यांची काळजी होती, डोक्याची अजिबात नव्हती. तरी उंचीवर बुद्धी मंदावते असं वाचलं होतं, म्हणून नामचे बाजारपासून रोज संध्याकाळी स्वतःशी एक पाढा म्हणायचा असा नेम केला. नामचेला, ३,४४० मीटरवर, सतरा. तेंगबोचेला एकोणीस. दिंगबोचेला तेवीस. वहीत पाढ्यापुढे बरोबरची खूण. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि स्वतःच तपासायचा. नोकरीत असं कुणी केलं असतं तर मी त्याला ऑफिसात उभं केलं असतं.

दिंगबोचेला मुक्कामाचा जादा दिवस होता. त्या दुपारी टेकाड ओलांडून आम्ही फेरिचेला गेलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. संस्था १९७३ची. ट्रेकिंगच्या हंगामात तिथले डॉक्टर वाटसरूंना उंचीच्या आजाराबद्दल समजावून सांगतात. आमचा डॉक्टर पोरसवदा, पण शिकवायची हातोटी चांगली. म्हणाला, हवेतला ऑक्सिजनचा वाटा समुद्रकाठी एकवीस टक्के, इथेही एकवीसच. घटतो तो दाब. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजनही निम्मा. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीर वापरतं त्यातला वीस टक्के ऑक्सिजन एकटा खातो. घरातलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत खादाड पोर, असं मी वहीत लिहून ठेवलं.

मग त्याने मेंदूला सूज येते तेव्हाची लक्षणं सांगितली. दारू प्यायल्यासारखी चाल, असंबद्ध बोलणं, गुंगी. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला टेकवत सरळ रेषेत चालून दाखवायला लावलं. औषधं आहेत, पण खरा उपाय एकच, खाली उतरणं. शेवटी म्हणाला, "स्वतःवर विसंबू नका. जोडीदाराला तुमच्यावर लक्ष ठेवू द्या." हे वाक्य मी लिहून घेतलं नाही. माझ्याकडे पाढे होते ना!

गडबड कुठून सुरू झाली ते भाच्याने नंतर जुळवून सांगितलं. थुकल्याची चढण मला स्वच्छ आठवते. वर डोंगरात गेलेल्यांची स्मारकं आहेत, त्यांत बाबू छिरी शेर्पाचं. १९९९मध्ये हा माणूस बाहेरच्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर एकवीस तास राहिला होता. तिथे मी चप्पल काढावी तसे बूट काढायला निघाले आणि भाचा हसला, तेही आठवतं. लोबुचेपासून मात्र आठवणींना भोकं पडू लागतात. रात्री झोपेत श्वास थांबायचा, मग दचकून भराभर सुरू व्हायचा. उंचीवर बहुतेकांचं असंच होतं म्हणे, पण झोपेचं खोबरं. जेवताना शेगडीजवळ मी शाळा तपासणीला आलेल्या साहेबांचा किस्सा सांगितला. दहा मिनिटांनी तोच किस्सा, त्याच हातवाऱ्यांसह, पुन्हा.

"मावशी, हे आत्ताच सांगितलंस."

"मग काय झालं? चांगला आहे म्हणून सांगितला."

त्याला वाटलं, वय. आणि मला वाटलं, पोरगं आगाऊ झालंय. गरम पाण्याच्या थर्मासचे पैसे मी दोनदा दिले, ते लॉजवालीने आपणहून परत केले. त्या रात्री मी सत्तावीसचा पाढा म्हटला आणि पुढे बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गोरक्षेप, तिथून बेस कॅम्प, आणि दुपारी जेवायला परत गोरक्षेप. तेव्हाच गाईडने माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ६८. हात गार आहेत म्हणून चुकतंय, असा वाद मी घातला. वाद तसा खोटा नव्हता, गार बोटांवर ते यंत्र चुकतं. त्याने माझे हात शेगडीवर शेकवले आणि पुन्हा लावलं. ७०. त्यावर मी पाढा काढला.

त्याने सकाळी सांगितलेल्या तीन गोष्टी भाच्याला पाठ होत्या. पाणी पीत राहा. डोकं दुखलं तर लपवू नका. आणि मी म्हणेन तिथून, मी म्हणेन तेव्हा मागे फिरायचं. तिन्हींवर मी मान डोलावली होती. टाचेला चवडा लावून सरळ चालून दाखवलं ते मात्र जमलं. "चाल ठीक है, फिर भी नीचे," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीची काला पत्थरची चढाई हुकली. मी रुसले, चक्क रुसले, आणि निम्म्या वाटेपर्यंत कुणाशी बोलले नाही. फेरिचेला पोचलो तेव्हा डोक्याला दिवे बांधायची वेळ झाली होती. डॉक्टरांनी तपासलं, रात्रभर थांबवून घेतलं. सकाळचा चहा मला त्याच्या कपाच्या टवक्यासकट आठवतो.

पाढ्यांनी मला का फसवलं ते घरी आल्यावर उमगलं. नव्या गोष्टींची पहिली नोंद मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात होते, आणि ऑक्सिजनची टंचाई ज्या भागांना लवकर जाणवते त्यांतला हा एक. एकोणतीसचा पाढा तिथे कधीचाच राहत नाही. आजोबांनी तिन्हीसांजेला शुभंकरोतीनंतर घोकून घेतलेला तो, आता जिभेचाच झालाय. म्हणजे दुकान लुटलं जात असताना मी रोज संध्याकाळी मागच्या कोठाराचं कुलूप ओढून बघत होते. पाठांतर म्हणजे गणित नव्हे, हे मुलांना शेकडो वेळा सांगितलेली मीच ती बाई.

१८७५मध्ये फ्रान्समध्ये 'झेनिथ' बलूनमधून तिघे आठ हजार मीटरच्या वर गेले, त्याची हकिगत मी त्याच काळात वाचली. ऑक्सिजनच्या पिशव्या हाताशी होत्या, तरी तिघांनाही वेळेत घेता आल्या नाहीत. गॅस्तों तिसांदिए तेवढा वाचला. त्याच्याकडेही वही होती आणि अक्षर गिरमिटत गेलं तरी तो नोंदी करत होता. त्याने पुढे लिहिलं की त्या अवस्थेत त्रास होत नाही, उलट आतून आनंद वाटतो. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बेस कॅम्पचे फोटो काढले. सगळ्यांत मी हसतेय.

फोटोंमुळेच मला बेस कॅम्प माहीत आहे. ५,३६४ मीटर, दगड, पिवळे तंबू, पताका. आतून काही उगवत नाही. वहीत त्या दिवशीचं पान आहे आणि अक्षर नेहमीसारखं वळणदार आहे: "आज बेस कॅम्प. ऊन छान. मोजे वाळले नाहीत." खाली पुन्हा तारीख घालून, "आज बेस कॅम्प. ऊन छान. मोजे वाळले नाहीत." आणि तिसऱ्यांदाही तेच.

त्या पानामागे परक्या अक्षरात एक ईमेलचा पत्ता आहे. फोटोत माझ्याशेजारी खडकावर बसलेली पांढऱ्या केसांची बाई असावी, असं धरून मी तिला फोटो पाठवले. चार दिवसांत उत्तर आलं. तिने आभार मानले होते आणि लिहिलं होतं, की तुम्ही तुमच्या आईबद्दल जे सांगितलंत ते मी माझ्या मुलींना सांगितलं, त्या दोघी रडल्या.

आईबद्दल मी फारसं कुणाशी बोलत नाही. तिला काय सांगितलं, हे विचारणारं पत्र दोनदा लिहून झालंय. पाठवलेलं नाही.