पाहिले होते, तरीही

काही वर्षांपूर्वी एका देवळासमोर हमरस्ता ओलांडताना एका वृद्धेस मोटारीची धडक बसली व तिची मांडी मोडली. त्या दाव्यात आम्ही विमा कंपनीचे वकील होतो. उलटतपासणीत आम्ही एकच प्रश्न नेटाने विचारला, "गाडी दिसली होती ना?" बाई सरळ मनाने म्हणाली, "दिसली होती." पाहूनही पाऊल टाकले, सबब अंशदायी निष्काळजीपणा! न्यायाधिकरणाने आमचे म्हणणे काही अंशी मानले आणि तिची भरपाई तितकी घटली. पंगू मनुष्यासही रस्त्याने चालण्याचा हक्क असून गाडी हाकणाराने त्याची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असे इंग्लंडात १८३२ साली बॉस विरुद्ध लिटन या खटल्यात सांगितले गेले. प्रतिपक्षाच्या वकिलाने तो निवाडा काढला नाही. आम्हास तो ठाऊक होता. आम्हीही काढला नाही.

पुढे या विषयावरील काही संशोधन वाचनात आले, आणि त्या युक्तिवादातील 'पाहूनही' हा शब्द आम्हास खुपू लागला. समोरून येणारे वाहन डोळ्यास बराच वेळ जवळजवळ तेवढेच दिसते. झपाट्याने मोठे होते ते अगदी अंगाशी आल्यावर. म्हणून पादचारी, विशेषतः वृद्ध, वेगापेक्षा अंतरावरच विसंबतात. शंभर मीटरवरचे वाहन ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर पोचण्यास ९ सेकंद लागतात. ६० ने येत असेल तर केवळ ६. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास सत्तरीच्या बाईला सहज आठ सेकंद हवेत. एका वाहनापुढून ती सुखरूप जाते, दुसऱ्याखाली सापडते. दोन्ही वेळा तिची पारख मात्र एकच. त्यात उभे राहून पाय दुखू लागले, की मघाशी नाकारलेली फटही पुरेशी वाटू लागते.

गेल्या श्रावणात कोर्टाचे काम आटोपून, अंगात काळा कोट तसाच ठेवून, आम्ही म्हार्दोळला उतरलो. श्रीमहालसेच्या आरतीची वेळ टळत होती. दोन गाड्यांमध्ये फट दिसली, निघालो. पलीकडे पोचतो तोच मागे ब्रेक किंचाळले. वळून पाहतो तो रस्त्याच्या मध्यावर एक आजी, जाईच्या फुलांची पुडी छातीशी धरून उभ्या, आणि चार हातांवर थांबलेली मोटार.

१९५५ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मनाईचा संकेत असता रस्ता ओलांडणारा मनुष्य उंची पोशाखात असला, तर त्याच्या मागून अधिक लोक जात. तोच गबाळ्या वेषात असता, कमी. आम्ही ही हकीकत मित्रमंडळीत गमतीने सांगत असू.

हात धरून आजींना कडेला आणले. भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, तोच प्रश्न आमच्या तोंडून गेला, "आजी, गाडी दिसली नव्हती का?"

"दिसली," त्या म्हणाल्या, "पूण वकील गेले म्हणून हांवूय गेलें."