एवढं बयान संपू दे

आमचे लहानपण इंदूरच्या रामबागेत गेले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत दोहोंची खिचडी, अशा वातावरणात वाढलेल्या मुलांना वाचनाच्याही दोन वाटा असत. एक वाट मराठी ग्रंथालयाकडे जाई. तेथे हरिभाऊ आणि नाथमाधव भेटत. दुसरी वाट शेजारच्या वकीलसाहेबांच्या कपाटाकडे जाई. तेथे बाबू देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ होती. पुठ्ठा निखळलेला, पहिली चार पाने गळालेली. नायक-नायिकेची ओळख आम्हांला त्यामुळे उशिराच झाली. पण त्यावाचून आमचे काही अडले नाही.

त्या कादंबरीतील प्रकरणांना ‘बयान’ म्हणतात. रात्री जेवणे झाली की आम्ही ते पुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या दिव्याखाली बसत असू. दहाच्या सुमारास आजीचा आवाज येई, “दिवा मालव आता. डोळे जातील.” आम्ही म्हणत असू, “आजी, एवढं बयान संपू दे.” आणि ती थांबत असे. तिला हिंदी वाचता येत नव्हते. तेजसिंह कोण आणि चपला कोण, हे तिने कधी विचारले नाही. परंतु पोथीचा अध्याय अर्धा टाकून उठू नये, हे तिला ठाऊक होते, आणि ‘बयान’ म्हणजे अध्यायासारखेच काहीतरी असावे, असा तिने आपल्या परीने अर्थ लावला होता. तेवढ्या आधारावर आम्हांला रोज अर्धा-पाऊण तास जास्तीचा मिळे.

हे आज आठवण्याचे कारण असे, की ज्या सवलतीवर आम्ही वाढलो, ती आमच्या मुलाला आम्ही दिली नाही.

गोष्ट २०११ सालची. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होते आणि परीक्षा चार दिवसांवर आली होती. रात्रीचे साडेअकरा वाजले तरी त्याच्या खोलीतला दिवा चालूच. कानांवर हेडफोन, डोळे पडद्यावर, आणि कोणा अनोळखी माणसांशी इंग्रजीत संभाषण. आम्ही दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा उत्तर आले, “बाबा, पाच मिनिटं.” तिसऱ्या वेळी आम्ही हाक मारली नाही, सरळ बाहेरच्या खोलीत जाऊन इंटरनेटच्या मोडेमची वायर काढून टाकली.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “बाबा, पाच जण माझ्यावर विसंबून होते. आता ते तिथेच पडले असतील.” एवढे बोलून तो झोपायला गेला. ही पळवाट आहे, असे आम्ही त्या वेळी ठरवून टाकले. पण वाक्य काही पुसले गेले नाही.

गेल्या दिवाळीत तो हैदराबादहून घरी आला असता त्याच्या जुन्या कपाटात टॉल्किनचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सापडले. पाने दुमडलेली, कडेला पेन्सिलीच्या खुणा. आम्ही पुस्तक हातात घेऊन त्याला विचारले, “त्या रात्री तू जे खेळत होतास, ते हेच का?” तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “हो. तुमच्या लक्षात आहे?” त्यानंतर रात्री दीडपर्यंत आम्ही बोलत बसलो. दिवा मालव, असे म्हणणारे घरात आता कोणी नव्हते.

संगणकावरचा खेळ म्हणजे एकट्याने बटणे दाबत बसणे, अशी आमची समजूत होती. त्याने ती दुरुस्त केली. बहुखेळाडू ऑनलाइन खेळात एक अख्खे जग दूरच्या सर्व्हरवर सतत चालू असते. आपण त्यातून बाहेर पडलो तरी ते थांबत नाही. अशा खेळांचे मूळ १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी रचलेल्या खेळात आहे. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते: आपण कोठे उभे आहोत, समोर कोणते दार आहे, आणि जवळ आणखी कोण उभे आहे. ‘जवळ आणखी कोण’ हीच नवी गोष्ट होती. कादंबरीचा वाचक भुयारात शिरतो तेव्हा तो एकटा असतो आणि त्याला पुस्तकात खूण घालून केव्हाही उठता येते. या भुयारात इतर माणसे खरोखर असतात, आणि तेथे खूण घालण्याची सोय नसते.

टॉल्किनच्या कादंबरीवरील ऑनलाइन खेळ २००७ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: त्या कादंबरीत अंगठी एक, ती वाहून नेणारा फ्रोडो एक. हजारो खेळाडूंनी तेथे करायचे काय? प्रत्येकाला फ्रोडो केले तर हजार अंगठ्या होतील, आणि कोणालाच केले नाही तर खेळायला कोण येईल?

चिरंजीव हसले. म्हणाले, “बाबा, तिथं अंगठी कुणालाच देत नाहीत.” खेळणारा माणूस त्या जगातला एक सामान्य रहिवासी असतो: मानव, एल्फ, बुटका ड्वॉर्फ किंवा हॉबिट. फ्रोडो आणि त्याचे सोबती आपल्या वाटेने गेलेले असतात. खेळाडू त्यांना मधूनमधून भेटतो, पण त्याचे काम वेगळे असते: मागे राहिलेल्या गावांची राखण, निरोप पोहोचवणे, ज्या वाटेने नायक गेला नाही त्या वाटेवरच्या शत्रूला अडवणे. मोरियाच्या खाणी २००८ साली उघडल्या. कथा मॉर्डॉरपर्यंत पोहोचायला २०१७ साल उजाडले. दहा वर्षे माणसे त्या युद्धाच्या कडेकडेने चालत राहिली, आणि त्यांतल्या कोणालाही आपण नायक नाही म्हणून वाईट वाटले नाही.

हे शक्य झाले, कारण मूळ कादंबरीतच तेवढी जागा होती. टॉल्किन भाषांचे अभ्यासक. त्यांनी आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारे लोक, त्यांचे वंशवृक्ष, त्यांची कालगणना. कथानक त्या सर्वांमधून जाणारी एक पायवाट आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना जी रानोमाळ जमीन उरते, तिच्यावर इतरांना वस्ती करता येते.

प्रत्येक अद्भुत कादंबरी अशी नसते. अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ सालची कादंबरी आम्ही त्याच्याच सांगण्यावरून वाचली. शेकडो बेटांचा समुद्र, जादू शिकवणारे विद्यालय, ड्रॅगन, प्रत्येक वस्तूचे गुप्त खरे नाव. नकाशा पाहिला तर वाटेल, खेळासाठी याहून सोयीचे काय असणार! पण गेड या तरुणाने स्वतःच्या उन्मादात एक काळी छाया जगात सोडली आहे आणि तिच्याशी गाठ त्याचीच पडायची आहे. अखेरच्या प्रवासात त्याचा जिवलग मित्र सोबत असतो. तरीही त्या क्षणी मित्र होडीतच राहतो आणि गेड एकटा पुढे जातो. तेथे सहा जणांची तुकडी पाठवली तर कादंबरीचा प्राणच जाईल. काही दारांतून एकट्यानेच जावे लागते. तो त्या पुस्तकाचा दोष नाही. तो त्याचा धर्म आहे.

मग आमची ‘चंद्रकांता’ कोणत्या जातीची? या प्रश्नावर त्या रात्री आमचा वाद झाला आणि तो अद्याप मिटलेला नाही.

खत्रींची ही कादंबरी १८८८च्या सुमाराची. तिच्या पुढची ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांची. खत्रींनी काशीजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता आणि तेथील पडक्या गढ्या-भुयारांतून ते मनमुराद हिंडले होते. त्यामुळे त्यांचे तिलिस्म, म्हणजे यंत्रांनी आणि कोड्यांनी भारलेले ते बंदिस्त जग, कितीही अचाट असले तरी त्याला दगडमातीचा वास आहे. कोरलेल्या सिंहाच्या तोंडातली जीभ ओढली की खोहीचे दार उघडते. दगडी बगळा चोच उघडून चपलेला गिळून टाकतो. हे सर्व खेळासाठीच लिहिले आहे, असे आमचे म्हणणे.

चिरंजीवांनी पुस्तक मागवून वाचले आणि हैदराबादहून फोनवर दोन हरकती घेतल्या. पहिली, तिलिस्म ज्याच्या नशिबी आहे त्याच्याच हातून तुटायचे. म्हणजे पुन्हा अंगठी आणि फ्रोडोच. दुसरी, तिलिस्म एकदा तुटले की संपले. खेळात तर दर संध्याकाळी नवी तुकडी त्याच दाराशी येणार.

दुसऱ्या हरकतीला उत्तर त्यानेच दिले. अशा खेळांत प्रत्येक तुकडीला त्या भुयाराची आपली वेगळी प्रत मिळते. एकाने दार फोडले म्हणून दुसऱ्याचे फुटत नाही. पहिल्या हरकतीला मात्र आम्ही उत्तर दिले, आणि ते देताना कादंबरी आम्हांला नव्याने कळली. त्या कादंबरीत राजपुत्र वीरेंद्रसिंह बराच काळ विरहाने तळमळत असतो. कथा चालवतात ते ऐयार. कमरेला बटुवा, हातात कमंद. वेषांतर, हेरगिरी, बेहोश करण्याची औषधे, एकमेकांना बोलावण्यासाठी जफील नावाची शीळ. चपला ही राजकन्येची सखी असली तरी स्वतः पक्की ऐयार आहे. तिला कोणी वाचवायला यावे म्हणून ती बसून राहत नाही. नौगढचे ऐयार, विजयगढचे ऐयार, चुनारचे ऐयार. प्रत्येकाचा मालक वेगळा, पण धंद्याचा शिरस्ता एक. ऐयाराला ठार मारायचे नाही, कैद करायचे. आज जो पकडला गेला तो उद्या सुटून पुन्हा मैदानात.

हे ऐकून तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “बाबा, आमच्या खेळातही कुणी मरत नाही.” टॉल्किनच्या खेळात खेळाडूच्या बळाला आरोग्य किंवा रक्त असे काही म्हणत नाहीत, ‘मोराल’, म्हणजे मनोधैर्य, म्हणतात. ते संपले की माणूस मरत नाही, माघार घेतो. आणि सोबत्यांचे धैर्य टिकवून धरण्याचे काम मिन्स्ट्रेल करतो. आपण ज्याला शाहीर किंवा भाट म्हणू, तो. लढाई चालू असताना तो वाद्य वाजवत असतो, आणि त्याच्या गाण्यामुळे बाकीचे उभे राहतात.

“त्या रात्री मी मिन्स्ट्रेल होतो,” तो म्हणाला.

चौदा वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला. सहा जणांची तुकडी भुयाराच्या तळाशी पोहोचली होती, आणि आम्ही इंदूरच्या एका घरात वायर ओढून तिचा गाणारा माणूस काढून घेतला होता. पुढे काय झाले, असे आम्ही विचारले. परीक्षा संपल्यावर त्याने सर्वांची क्षमा मागितली. चौघांनी हसून सोडून दिले. पाचव्याने पुन्हा कधी त्याला आपल्या तुकडीत घेतले नाही. “आणि तू त्यांना काय कारण सांगितलंस?” “वीज गेली म्हणालो. बाबांनी वायर काढली, असं कसं सांगणार?”

आम्ही काही बोललो नाही. फोनवर गप्प राहणे फार वेळ जमत नाही; तरी तेवढा वेळ आम्ही गप्प राहिलो. परीक्षेच्या तोंडावर रात्री बारापर्यंत खेळणे योग्य होते, असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण पाच मिनिटे थांबणे आम्हांला जमायला हवे होते. आजीला तर पोथीपलीकडचे काहीच ठाऊक नव्हते, आणि तिला ते जमत होते.

वाद अजून चालू आहे. ऐयारांच्या तुकडीत मिन्स्ट्रेलचे काम कोणाचे, असे त्याने परवा विचारले. आम्ही सांगितले, लखलखा जवळ बाळगणाऱ्याचे. लखलखा म्हणजे बेहोश माणसाला हुंगवून शुद्धीवर आणण्याचे औषध. ते बटुव्यात नसेल तर बाकीच्यांची सारी कसबे फुकट. त्याला हे पटले असावे, कारण त्याने लगेच दुसरी शंका काढली: शेजारी उभा असलेला तेजसिंह हा खरा तेजसिंह की वेष पालटलेला नाजिम, हे खेळाडूंना ओळखायचे कसे? त्यावर आम्ही विचार करीत आहोत. ‘चंद्रकांता’ आता आमच्या उशाशी आहे. या वेळी पहिली चार पाने शाबूत आहेत.

शनिवारी रात्री तो अजूनही त्या जगात जातो. गेल्या शनिवारी आम्ही फोन केला तेव्हा मागून कोणाचे तरी बोलणे ऐकू येत होते. आम्ही विचारले, “बयान चालू आहे का?”

“हो बाबा. दहा मिनिटं.”

“संपू दे,” असे म्हणून आम्ही फोन ठेवला, आणि दिवा तसाच लावून त्याच्या फोनची वाट पाहत बसलो.