डाव्या डब्यातली अक्षरं

हे गेले त्या वर्षी मी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. बँकेचे, विम्याचे, शेताचे. बँकेचे कागद इंग्रजीत असायचे, ते लेक फोनवरून समजावून सांगायची. शेताचे सगळे कन्नडमध्ये. आमचं गाव निपाणीच्या बाजूचं, माझं माहेर इचलकरंजी, शाळा पूर्ण मराठी. बाजारात घासाघीस करण्यापुरतं, रानातल्या बायकांशी बोलण्यापुरतं कन्नड मला येतं. पण वाचायला? एक अक्षर नाही. कधी गरजच पडली नाही. बसची पाटी हे वाचायचे, उतारा हे वाचायचे, वीजबिलसुद्धा हेच.

एके दिवशी एका कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसाने तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि म्हणाला, "इथं, इथं आणि इथं, बाई." मी केल्या सह्या. चांगल्या वळणदार, मराठीत. घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "कशाचा कागद होता, वैनी?" मला सांगता येईना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दर महिन्याला वाचनालयातून चार पुस्तकं आणणारी बाई मी, आणि माझ्याच घराच्या कागदापुढे अक्षरशत्रू.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या दुकानातून पहिलीच्या मुलांची कन्नड अंकलिपी आणली. वय ५७. दुकानदाराने विचारलं, "नातवाला का?" मी मान हलवली. एवढं एक खोटं बोलले.

मग सुरू झालं गिरवणं. कन्नड वर्णमालेत ४९ अक्षरं. रोज एक पान, एकेक अक्षर वीस-वीस वेळा. तीन आठवड्यांत वही भरली. 'अ'पासून 'ळ'पर्यंत घडाघडा म्हणायला लागले. मोठ्या तोऱ्यात स्टँडवर गेले आणि समोर आलेल्या बसची पाटी वाचायला लागले. पहिलं अक्षर ओळखेपर्यंत बस निघून गेली. क्रमाने येत होतं ते तोंडाला येत होतं, डोळ्याला नव्हे.

आमच्या शेजारी एक टीचरबाई राहतात, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि हसून म्हणाल्या, "हंगल्ल अक्का! असं नाही. तुम्ही रांगोळी काढलीय, वाचलंय कुठं?" मला राग आला, पण बोलणं खरं होतं. 'क' मला दुसऱ्याच दिवशी येत होता, तरी मी तो पुढे दहा दिवस गिरवत होते, कारण तो छान जमत होता. जे अडत होतं, त्याच्या वाटेला मी जातच नव्हते.

त्या वर्षी गावात महाराजांचा चातुर्मास होता. प्रवचनात एक दिवस यम आणि नियम यांतला फरक निघाला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तो सांगितला आहे. जन्मभरासाठी घेतला तो यम, ठरावीक काळासाठी घेतला तो नियम. आपण बायका हे लहानपणापासून पाळत आलो. चार महिने हिरवी भाजी बंद, दहा दिवस एकभुक्त. पण त्या दिवशी मला वाटलं, सोडण्याचेच नियम आपण का घेतो? शिकण्याचा का घेऊ नये? "मला कन्नड आलंच पाहिजे" हा झाला यम, त्याच्या ओझ्याने माणूस बसूनच जातो. "चातुर्मास संपेपर्यंत रोज एक घटका" हा नियम. घटका म्हणजे २४ मिनिटं. सामायिकाला आपण दोन घटका बसतो, ४८ मिनिटं. त्यातली निम्मी. एवढं कुणालाही जमेल. वेळही ठरवली. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण आटोपतं, भांडी होतात, आणि पुढची संध्याकाळ मोकळी असते. इतकी वर्षं ती टीव्हीला दिली होती.

टीचरबाईंनी आणि मी मिळून चार महिन्यांची आखणी केली. पहिला महिना सुटी अक्षरं. दुसरा कागुणित, म्हणजे आपली बाराखडी. तिसरा ओत्ताक्षरं, म्हणजे जोडाक्षरं. चौथा महिना फक्त कागद. गोष्टींची पुस्तकं नाहीत, पेपरातलं राशिभविष्य नाही. मला ज्यासाठी शिकायचं होतं तेच वाचायचं.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते केले, एका पत्त्यावर एक अक्षर. रोज पिसायचे. चटकन ओळखलं तर पत्ता उजव्या डब्यात. अडलं, चुकलं किंवा नुसतं थबकायला झालं तरी डाव्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सुरुवात डाव्या डब्यापासून. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. ४९ अक्षरांपैकी मला छळणारी फक्त चौदा-पंधरा. 'प', 'व', 'ह' या तिघी सख्ख्या बहिणींसारख्या. 'न' आणि 'स' यांचीही तीच गत. 'ड' आणि 'ढ'मध्ये फरक खालच्या एवढ्याशा चिरेचा. शिवाय 'ए' आणि 'ओ' यांची तिकडे ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपं. मराठी कानाला तो भेदच कळत नाही. मग माझी घटका सगळी या पंधरांवर. क्रम मोडून, उलटसुलट, एकमेकींच्या शेजारी ठेवून. खरं सांगते, गिरवण्यात जे सुख होतं ते यात नव्हतं. रोज चुकायचं, रोज लाजायचं. पण डावा डबा हलका व्हायला लागला.

झोपण्याआधी आपण प्रतिक्रमण करतो, दिवसभरातले दोष आठवतो. त्याच धर्तीवर एक छोटी वही केली. आज काय चुकलं, कशाला काय समजले, एवढंच लिहायचं. "'व'ला 'प' म्हटलं." "जोडाक्षर खालून आधी वाचलं." दर रविवारी ती वही टीचरबाईंपुढे ठेवायची. त्या त्याच चुकांचे शब्द काढून मला शुद्धलेखन घालायच्या. वाईट वाटायचं, पण चूक सांगणारं माणूस नसतं तर मी तीच चूक चार महिने पक्की करत बसले असते.

मधे खंडही पडला. पर्युषणात दहा दिवस घरात पाहुणे, पूजा, उपवास. पत्ते डब्यातच राहिले. एरवी मी म्हटलं असतं, मोडलं ते मोडलं. पण व्रतात खंड पडला तर आपण प्रायश्चित्त घेऊन पुढे चालू करतो, व्रत टाकून देत नाही. क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी डावा डबा पुन्हा उघडला. निम्मे पत्ते उजवीकडून डावीकडे आले होते. आठ दिवसांत परत गेले.

आणि एक गंमत. चौथ्या महिन्यात कागद हातात घेतले तर शब्द निम्मे ओळखीचे! अर्जी, तालूकु, जिल्ले, ग्राम, वारसा. लिपीचा पडदा बाजूला झाल्यावर पलीकडे आपलीच माणसं. मला श्रवणबेळगोळ आठवलं. बाहुबलींच्या पायाशी चावुंडरायांनी मूर्ती करवल्याचा लेख मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. आम्ही सगळ्या बायका मराठी ओळीपाशी गर्दी करून आलो होतो. शेजारची कन्नड ओळ तेच सांगते, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. कन्नडचा आदिकवी पंप जैन, त्याचं आदिपुराण ९४१ सालचं. त्या आदिनाथांनी लिपी शिकवली ती आपल्या मुलीला, ब्राह्मीला. अंकविद्या सुंदरीला. ही कथा आपण पाठशाळेत मुलांना सांगतो आणि स्वतः मात्र फुलीवर सही करतो.

दिवाळीनंतर पुतण्या एक कागद घेऊन आला. "काकू, वारसा लावायचाय, त्याचंच एक पत्र आहे. तुम्ही सही करा, ताईची आल्यावर घेऊ." मी चष्मा लावला. तो म्हणाला, "कन्नडमध्ये आहे, मी सांगतो की." म्हटलं, "थांब जरा."

वरचा मथळा तीनच शब्दांचा. पहिलं अक्षर त्या तिघी बहिणींपैकी. 'प'? नाही, 'ह'. त्याच्या पुढे 'क', खाली आणखी एक 'क', त्याला उकार. हक्कु. पुढे बि-डु-ग-डे. हा शब्द मी पेपरात रोज वाचत होते. कैदी तुरुंगातून सुटला की बिडुगडे, सिनेमा लागला की बिडुगडे. मग पत्र. हक्काची सुटका करण्याचं पत्र. म्हणजे हक्कसोड. खाली लेकीचं नाव.

पुतण्या वाईट नाही. तो म्हणाला, "काकू, सगळ्या घरांत असंच करतात, रीत आहे." खरंच आहे, मीही माहेरी अशीच सही करून आले होते. त्या कागदावर काय लिहिलं होतं हे मी मराठीत असूनही वाचलं नव्हतं. पण बापाच्या मिळकतीत मुलगीही वारस, हे कायदा सांगतो. मी कागद घडी करून कपाटात ठेवला आणि म्हटलं, "तिला आधी वाचून दाखवते."

लेक आली तेव्हा दोघी पलंगावर बसलो. एकेका ओळीवर बोट ठेवून मी वाचलं, अर्थ सांगितला. दोन ठिकाणी अडले, तिथे टीचरबाईंना हाक मारली. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, ठेवायचं की सोडायचं ते बघू. पण आधी वारसात माझं नाव लागू दे." नाव लागलं. घरात थोडी कुरबुर झाली, अजून आहे. तो हक्कसोडीचा कागद अजून कपाटातच आहे, बिनसहीचा.

नियम संपला, पण पत्ते टाकले नाहीत. परवा जाऊबाई संध्याकाळी आल्या, पदराखाली त्यांच्या शेताचा उतारा. म्हणाल्या, "वैनी, मला वाचून दाखवा." मी दाखवला. मग दोन्ही डबे त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळे पत्ते डाव्या डब्यात टाकले.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"बसा. एक घटका लागेल."