डॅक मागून बघावा

दहा हजारांच्या आतला डॅक घ्यायचा असेल तर त्यातल्या चिपचं नाव सगळ्यात शेवटी विचारावं. घरोघरी म्युझिक सिस्टिम बसवायच्या आणि बिघडलेले ॲम्प्लिफायर उघडून बसायचं हा माझा धंदा. दिवाळीच्या आसपास फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ईएसएसची चिप बरी की एकेएमची? मी उलट विचारतो, तुमच्या स्ट्रीमरच्या, म्हणजे इंटरनेटवरची गाणी वाजवणाऱ्या डबीच्या, मागे कुठली कुठली सॉकेटं आहेत? मग माणूस टॉर्च शोधायला उठतो.

१९८२ साली सीडी बाजारात आली ती सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हे माप घेऊन. या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करायची, एवढंच डॅकचं काम. तेव्हा ते नीट करणं महागात पडायचं, आज पडत नाही. चांगल्या स्वस्त डॅकची विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. तुमचे स्पीकर खर्जात सहज अर्धा-एक टक्का भर घालतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिपांचा दुष्काळ पडला आणि कित्येक कंपन्यांना आपले डॅक दुसऱ्या चिपा घालून नव्याने आखावे लागले. एकेएम ‘मऊ’ आणि ईएसएस ‘धारदार’ असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. झाकण न उघडता फरक ओळखून दाखवणारा अजून भेटायचा आहे.

मुळात डॅक हवाच का, हेही बघावं. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर व्हॉल्युमिओ किंवा मूडी हे सॉफ्टवेअर घालून स्ट्रीमर केला असेल तर हवाच. पायच्या चौथ्या पिढीपर्यंत जे हेडफोनचं भोक होतं, त्यातला आवाज झपाझप उघडझाप करणाऱ्या स्पंदांतून तयार होतो. हळू आलापीत मागची खरखर स्वच्छ ऐकू येते. पाचव्या पायला ते भोकही नाही. विममिनीसारखी तयार डबी असेल तर मात्र महिनाभर तशीच ऐका. तिच्यातला डॅक बऱ्यापैकी आहे आणि पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

आता सॉकेटं. पायला यूएसबी आहे, ऑप्टिकल नाही. विममिनीला ऑप्टिकल आहे, पण डॅक जोडायला यूएसबी नाही. ॲपलचं ते इवलंसं यूएसबी-सीचं डोंगल, साधारण हजार रुपयांचं, मोजमापात स्वतःच्या दसपट किमतीच्या डब्यांशी बरोबरी करतं. पायला लावा, सोनं आहे. विममिनीला लावायला जागाच नाही. जुनं क्रोमकास्ट ऑडिओ कुणाकडे अजून चालू असेल, तर त्याच्या हेडफोनच्या भोकातच ऑप्टिकल दडलेलं असतं, फक्त केबल एका टोकाला बारीक पिनेची लागते. टॉपिंग ई३० सारख्या डब्याला यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्शियल तिन्ही आहेत, वर रिमोट. उद्या स्ट्रीमर बदलला तरी डॅक बदलावा लागत नाही, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी मी असाच सुचवतो.

यूएसबीत बहुतेक डॅक स्वतःच्या घड्याळाप्रमाणे नमुने मागून घेतो. ऑप्टिकल आणि कोॲक्शियलमध्ये स्ट्रीमरच्या घड्याळामागून चालतो. कागदावर यूएसबी सरस. पण आपल्याकडच्या घरांत दुखणं वेगळंच असतं. ठाण्यात एका घरी अँड्रॉइड बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला, टीव्ही केबलवाल्याच्या तारेला, बॉक्समधून यूएसबीने डॅक आणि पुढे तीन पिनांचा ॲम्प्लिफायर. तानपुरा सुरू व्हायच्या आधीच ५० हर्ट्झचा खर्ज लागलेला! केबलवाल्याची तार उपसली की गप्प, लावली की घूंऽऽ. एकीकडे तारेची जाळी कुठेतरी जमिनीला टेकलेली, दुसरीकडे ॲम्प्लिफायरचं अर्थिंग, आणि दोन्हींतला फरक स्पीकरमधून गात होता. यूएसबीची केबल काढून दीडशे रुपयांची ऑप्टिकल लावली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. फेरा तुटला, घूंघूं संपली. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकणारे महाभाग आहेत. आवाज जातो खरा, पण ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला की त्याचा पत्रा झटका देऊ शकतो. हे कुणीही, कधीही करू नये.

दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. घरगुती डॅक लाइन आउटला साधारण दोन व्होल्ट देतात, ॲपलचं डोंगल एकच. म्हणजे सहा डेसिबल कमी. शेजारी ठेवून ऐकलं की डोंगल ‘मरगळलेलं’ आणि महागडा डॅक ‘खुललेला’ वाटणारच, कारण मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. शिवाय पायवर डोंगल कधी कधी अर्ध्या आवाजावरच सुरू होतं. अल्सामिक्सर या आवाज लावायच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन पट्टी वर सरकवावी लागते. दोन डॅकची तुलना करायचीच, तर ४०० हर्ट्झचा सूर वाजवा, साधा मल्टिमीटर एसीवर घेऊन स्पीकरच्या तारांना लावा आणि दोन्ही वेळी आकडा जुळवा. २.०० आणि २.०२ एवढा फरक चालेल, त्याहून जास्त नको. मग कुणालातरी पाठीमागे उभं करून अदलाबदल करायला लावा. यात डबे परत न्यायची वेळ येते ती बहुधा महागड्यांवर.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ वगैरेवर मी फारसा वेळ घालवत नाही. १६ बिटांत ९६ डेसिबलचा आवाका मिळतो, आणि पंखा चालू असलेली आपली खोली खालचे पस्तीस-चाळीस आधीच गिळते. मेयर आणि मोरान या दोन संशोधकांनी २००७ साली सुपर ऑडिओ सीडीचा आवाज मधेच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या गाळणीतून काढला. नेहमीच्या पातळीवर ऐकणाऱ्यांना ते कळलं नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रणं तर कुठल्याही डॅकने उजळणार नाहीत; तबकडीत जे उतरलंच नाही ते डबी कुठून आणणार?

आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून ऐकणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर ठेवा. डॉल्बीवर राहिला तर साधा डॅक गप्प बसतो किंवा खरखरतो, आणि दुकानदाराला फोन जातो की पीस खराब आहे.