आरंभ बरोबर होता

डमडमला बदलून आलो, त्याच महिन्यात एकदा सियालदहला गाडीत चढलो तो बारासातच्या स्नेह्याकडे जाण्यासाठी, आणि उतरलो बराकपूरला! डमडमपर्यंत दोन्ही गाड्यांची वाट एकच. फाटा फुटतो तो पुढे. ओळखीच्या स्टेशनांवर विसंबून मी निर्धास्त बसलो होतो.

या फजितीचे मला हसू आले होते. पण मागील महिन्यात वाईहून वडिलांचा फोन आला, तेव्हा ते हसू मावळले. "पत्त्याच्या आरंभी ओळखीचे नाव दिसले, की खुशाल उघडा," असा मंत्र मीच त्यांना दिला होता. त्यांना आलेल्या दुव्याच्या आरंभी एका खऱ्याखुऱ्या संस्थेचे नाव होते. समोर उमटलेले पान मात्र बनावट. त्यांनी पासवर्ड लिहिला, मागोमाग ओटीपीही दिला आणि अठरा हजार रुपये गेले. "अरे, तू सांगितलेस तसेच पाहिले मी. आरंभ बरोबर होता," एवढेच ते म्हणाले.

दोष कोठे होता? पुष्कळ संकेतस्थळे आलेल्याला पुढच्या पानावर पोहोचवतात, आणि त्या पानाचा पत्ता दुव्याच्या शेपटीत, प्रश्नचिन्हानंतर, लिहिलेला असतो. तो न तपासताच स्थळाने "आता तिकडे जा" असे सांगितले, की शेपटीत कोणीही आपला पत्ता लिहावा! दार खरे, द्वारपालही खरा. पण चिठ्ठीत लिहिले असेल तेथे तो पाहुण्याला धाडतो. २०१२ साली अमेरिकेत व्हरमाँट राज्याच्या कामगार खात्याच्या स्थळावरील अशाच फटीमुळे भामट्यांच्या दुव्यांना सरकारी नावाचे आवरण मिळाले होते. 'ओवास्प' या संस्थेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत २०१० व २०१३ साली हा दोष होता. २०१७ साली तो यादीतून गेला, जगातून नव्हे.

उपाय आम्हां कारकुनांच्या परिचयाचा आहे. जावक बारनिशीत पत्ता पडताळल्याविना मी पाकीट सोडत नाही. संकेतस्थळानेही मान्य ठिकाणांची यादी जवळ बाळगावी आणि तीबाहेर कोणालाही धाडू नये. आपण मात्र पासवर्ड लिहिण्याच्या क्षणी पत्ता पुन्हा वाचावा. कारण आपण निघालो कोठून याला तेथे महत्त्व नाही, पोहोचलो कोठे याला आहे.

हे सारे वडिलांना समजावले. १९३० या क्रमांकावर तक्रारही नोंदवली. पैसे अद्याप आलेले नाहीत. त्याचे दुःख मला फारसे नाही. पण आता नातीचे छायाचित्र पाठवले, तरी त्यांचा आधी फोन येतो : "उघडू ना रे?"